मारुतीच्या कढईला कोंड्याचं पाणी

वसुंधरा घरतला कोणी विचारलं, "तुम्ही कामाला कुठे?" तर ती सांगते, "वसईला. लोखंडाला आंघोळ घालते." विचारणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. पण ती खरंच तेच काम करते, आणि तेही अठ्ठावीस वर्षं.

वसई पूर्वेला केनीशेठचा गाळा आहे. गंजलेल्या सळ्या, पट्ट्या, बोल्ट तिथे टेम्पोने येतात, अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवले जातात, मग पाण्यातून काढून दुसऱ्या कारखान्यात जस्ताचा मुलामा घ्यायला जातात. वसुंधरा लग्न होऊन चांदीपच्या बाजूला घरतांच्या घरात आली तेव्हा दहावी झालेली होती. नवरा जितेंद्र आणि सासरे भातशेतीत, म्हणून ती चार महिन्यांपुरती गाळ्यावर लागली. ते चार महिने अजून संपायचेत.

सुरुवातीला ती नुसत्या सळ्या धुवायची. आता सहाही टाक्या तिच्या भरवशावर चालतात. टाकीत डोकावायचीही तिला गरज पडत नाही, जवळून जाताना ती कान देते. अ‍ॅसिड गंज खात असतं तोवर टाकी शांत असते. गंज संपून ते लोखंडावर आलं की बारीक बुडबुडे सुटतात आणि कढईत वडे सोडल्यासारखा चुरचुर आवाज येतो. मग वसुंधरा ओरडते, "शेठ, तीन नंबर बोलायला लागली. औषध घाला!"

औषध म्हणजे कॅनमधून येणारं एक पिवळट पाणी. त्याचं कॅनवरचं नाव गाळ्यात कोणालाच धड वाचता येत नाही. ते थोडंसं टाकीत घातलं की लोखंडाच्या अंगावर साय धरल्यासारखं बसतं. गंजावर ते बसत नाही. त्यामुळे अ‍ॅसिडला गंज खायला मिळतो आणि लोखंडाला हात लावता येत नाही. "आपल्या शाळेतल्या बाईंसारखं आहे ते," वसुंधरा नव्या पोरींना सांगते. "डबा खाऊ देतात, पण शेजारणीच्या डब्यात हात घातला की पट्टी."

तर अशी ही बाई. आणि तिने एका रविवारी, देवळात, सगळ्यांच्या देखत एक शब्द देऊन टाकला.

गावच्या मारुतीची एक लोखंडी कढई आहे. तिच्यात दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा शिरा तिच्यातच व्हायचा, आणि तो चाळीस वर्षं वसुंधराच्या सासऱ्यांनी, धर्मा घरतांनी केला. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात देवळाच्या कोठीत पाणी शिरलं, कढई महिनाभर चिखलात पडून राहिली, आणि बाहेर काढली तेव्हा ती कढई आहे की विटांचा ढिगारा ते कळेना.

जयंतीला दहा दिवस राहिले होते. भंडाऱ्याची बैठक बसली होती. यंदा सगळा कारभार अल्पेशकडे होता. तिशीतला पोरगा, मंडपाचा धंदा, मनाने चांगला, पण घाईचा.

"भावना समजतो मी," अल्पेश म्हणाला, "पण हिच्यात राहिलंय काय? माझी अ‍ॅल्युमिनियमची दोन पातेली देतो. भाडं नको. आणि ही पुढच्या सोमवारी भंगारवाल्याला देऊ."

बायकांत बसलेल्या पुतळाबाई, वसुंधराच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, तिथूनच म्हणाल्या, "अल्प्या, तुझ्या बारशाचं जेवन ह्याच कढईत झालं. तवा नाय बोललास भंगार."

"आजी, बारशाला मी काहीच बोलत नव्हतो."

सगळे हसले. पुतळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि मारुतीकडे बघत बसल्या. वसुंधराने ते बघितलं. सासूबाई रडणाऱ्यातल्या नाहीत, भांडणाऱ्यातल्या आहेत. आज त्या भांडल्यासुद्धा नाहीत, तेव्हा वसुंधराच पुढे सरकली.

"अल्पेश, रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी स्वच्छ करून देते."

"कशाने काकी? ग्राइंडर मारला तर बूड जाईल. पातळ झालंय ते पापडासारखं."

"ग्राइंडर नको. अ‍ॅसिडने."

"आणि अ‍ॅसिडने भोक पाडलं तर?"

"तर सोमवारी भंगारवाल्याला मीच हाक मारीन."

बोलून गेली, आणि घरी येताना तिला घाम फुटला. देवाची कढई. उद्या भोक पडलं तर गाव काय म्हणेल ते राहू दे, सासूबाईंच्या समोर उभं कसं राहायचं?

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर केनीशेठपुढे जाऊन उभी राहिली. "शेठ, कॅनमधलं थोडं औषध द्याल? आमच्या मारुतीच्या कढईला हवंय."

केनीशेठ नंदाखाल गावचे. घरी नारळ-केळीची वाडी, रोज सकाळी चर्चला जाऊन मग गाळ्यावर येणारा माणूस. ते एकदम खुर्चीतून उठले. "अगो वेडी का काय! कॅनवर कवटी काढलीय ती दिसत नाही? सळीला चालतं. ज्यात शिजवायचं त्यात हे नाही घालायचं. तुझा मारुती डोंगर उचलील, पण हे नाही पचवणार."

"मग नुसतं अ‍ॅसिड घालू?"

"नुसतं घातलंस तर बूड जाईल." शेठ पुन्हा खुर्चीत बसले, टेबलावर बोटं वाजवली. "पप्पांच्या वेळेला हे कॅन कुठे होते? ते टाकीत कोंडा टाकायचे. भाताचा कोंडा. वर जाड फेस यायचा, त्याने धूरपण कमी व्हायचा. किती टाकायचे ते मला विचारू नको, मी तेव्हा फुटबॉल खेळत होतो."

कोंडा! वसुंधराच्या घरात पोत्याने होता. म्हशीला रोज तोच घालायचा.

अ‍ॅसिडही तिने स्वयंपाकघरातलंच घेतलं. लिंबूसत्त्व, ज्याने आपण पनीरसाठी दूध फाडतो आणि सरबतं करतो. गाळ्यातल्या अ‍ॅसिडपुढे ते गरीब, पण गरम पाण्यात घातलं तर गंज सोडवतं. प्रश्न होता कोंडा किती आणि कसा. कढईवर प्रयोग करायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. घरात एक फुटकं घमेलं होतं. जितेंद्रकडून त्याच्या चार सारख्या पट्ट्या कापून घेतल्या, घासून लख्ख केल्या आणि गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताना चंदनसारला चंद्रहास सोनारांच्या दुकानात शिरली.

"शेठ, एवढ्या वजन करून द्या. तुमच्या बारीक काट्यावर."

चंद्रहासशेठने पट्टी उचलून उलटीपालटी केली. "वहिनी, हे काय? लोखंडाचं मंगळसूत्र करायचा विचार आहे की काय?"

"सोनं परवडेना, म्हटलं हे बघावं."

"आमच्या आजोबांच्या वेळेपासून ह्या दुकानात लोखंड काट्यावर बसलं नाही." असं म्हणत त्यांनी चारही पट्ट्या तोलल्या, एका चिठ्ठीवर वजनं लिहिली आणि चिठ्ठी गल्ल्याजवळ टाचणीला अडकवली.

शुक्रवारी गाळ्याला सुट्टी. वसुंधराने तीन काचेच्या बरण्या घेतल्या. तिन्हींत गरम पाणी आणि सारखंच लिंबूसत्त्व. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत मूठभर कोंडा तसाच. तिसरीत कोंडा उकळून, फडक्याने गाळून काढलेलं पाणी. प्रत्येकीत एकेक पट्टी सोडली आणि ती कामाला लागली. येताजाता कान द्यायची. पहिली बरणी सारखी कुजबुजत होती. दुसरी मधूनच. तिसरी अगदी गप्प.

"ह्या बरन्यांत काय घातलंस? लोनचं?" पुतळाबाईंनी विचारलं.

"तुमच्या कढईची परीक्षा आहे आई. पेपर तपासायला सोनाराकडे जाणार."

"परीक्षा कढईची, आनि नापास झाली तर मार कोनाला?"

वसुंधराने तिसऱ्या बरणीला पुन्हा कान लावला.

शनिवारी संध्याकाळी ती पट्ट्या पुसून, कागदात गुंडाळून दुकानाच्या पायरीवर पोचली तर चंद्रहासशेठने आतूनच हात वर केला. "थांबा थांबा! वहिनी, आज शनिवार. शनिवारी लोखंड दुकानात नको."

"अहो, मारुतीचं काम आहे."

शेठ विचारात पडले. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही खरं, पण शनिवार मारुतीचाच वार. शेवटी त्यांनी काटाच उचलला, बाहेर पायरीवर मांडला, पंख्याचा वारा लागू नये म्हणून नोकराला दारात उभं केलं आणि तिथे बसून वजन केलं. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते.

"ही पहिली," शेठ म्हणाले. "जवळजवळ एक मासा गेलाय हिचा. दुसरीच्या गेल्या तीन गुंजा. आणि तिसरीची…" त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला. "गुंजभरसुद्धा नाही. वहिनी, एका माशात आठ गुंजा. हिच्यावर तुम्ही काय मंत्र टाकलात?"

"म्हशीचा खुराक टाकला," वसुंधरा म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिला मोकळं हसू आलं.

रविवारी वसुंधराने गाळ्यावर रजा टाकली आणि सकाळी देवळाच्या अंगणात तीन दगडांवर कढई चढली. उकळून गाळलेलं कोंड्याचं पाणी, गरम पाणी, मोजून घेतलेलं लिंबूसत्त्व. खाली नुसते निखारे. कढईवर एक काठी आडवी ठेवून तिला दोऱ्याने चौथी पट्टी टांगली, ती पाण्यात बुडेल अशी. "ही साक्षीदार," वसुंधराने सांगितलं. "कढईला जे होईल ते हिला होईल." अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तिने देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि पाट घेऊन कढईजवळ बसली.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास. एक तास.

काहीच होईना. गंज सुटायला लागला की पाणी चहासारखं व्हायला हवं. हे आपलं पेजेसारखं पांढुरकं, जसंच्या तसं. वसुंधराने काठीने बूड खरवडून बघितलं. गंज जागचा हलत नव्हता.

"काकी, तुमचं औषध इतकं भारी की अ‍ॅसिडला झोपच लागली," अल्पेश म्हणाला. दोघंतिघं हसले.

तिला वाटलं कोंडा जास्त झाला. बरणीत बरोबर होता, पण बरणी कुठे आणि कढई कुठे. लिंबूसत्त्वाची तीन पाकिटं शिल्लक होती. तिने दात लावून तिन्ही फोडली. सगळं ओतावं आणि एकदाचं होऊन जाऊ दे, असं वाटत होतं. हात कढईवर गेला, आणि तिथेच थांबला. अठ्ठावीस वर्षांत तिने कुठल्याच टाकीत न बघता काही ओतलं नव्हतं. आज देवाच्या कढईत कसं ओतायचं?

पाकिटं खाली ठेवून तिने बाही वर केली, कोमट पाण्यात हात घातला आणि बुडावरून बोटं फिरवली. बोटं सरकली. साबणावरून सरकावीत तशी. हात बाहेर काढून वास घेतला. खोबरेल. नखांत पिवळं. हळद.

ती वळली. पुतळाबाई पायरीवर बसून वाती वळत होत्या. त्या जरा जास्तच लक्ष देऊन वळत होत्या.

"आई, कढईला तेल लावलंत?"

"सकाळी लावलं. तू पानी तापवत होतीस तवा. हळद घालून लावलं, चांगलं चोळून."

"अहो पण कशाला?"

"कशाला म्हंजे? देवाचं भांडं न्हायला चाललंय. कोरडंच धाडू? दिवाळीला तू कोरडी न्हातेस का?"

अंगणात एकदम हशा पिकला. वसुंधराने डोक्याला हात लावला आणि तीही हसत सुटली. तेलाच्या थरावर बिचाऱ्या अ‍ॅसिडने करायचं काय, डोकं आपटायचं? बरं झालं पाकिटं ओतली नाहीत. तेल जिथे पुसट लागलं होतं तिथून अ‍ॅसिडने बूड पोखरलं असतं.

मग धावपळ झाली. पाणी पिंपात काढून ठेवलं. धुण्याचा सोडा, राख आणि कढत पाणी घेऊन तीन बायका कढईत वाकल्या आणि काथ्याने घासत सुटल्या. अल्पेशने पँट वर दुमडून पाण्याच्या बादल्या आणल्या. पुतळाबाई पायरीवरून हुकूम सोडत होत्या, "त्या कानाखाली घासा! तिथं मी दोनदा चोळलंय!"

दुपारी बाराला पाणी पुन्हा कढईत गेलं. वीस मिनिटांत कडेने तांबूस रेघ दिसली. तासाभरात सगळं पाणी काळ्या चहासारखं. वसुंधरा जेवायला उठली नाही. भाकरी पाटावरच खाल्ली, एक कान कढईकडे ठेवून. चारच्या सुमाराला तिला अगदी बारीक, मोहरी तडतडायच्या आधी तेल हलतं तसा आवाज आला. "काढा!" ती ओरडली. "बस झालं, काढा आता!"

कढई धुतली तेव्हा आतून राखाडी, स्वच्छ लोखंड निघालं. ठोक्यांच्या जुन्या खुणासुद्धा मोजता येत होत्या. पण ओलं उघडं लोखंड वाऱ्याला लागलं की बघता बघता पिवळं पडतं. फडक्याने कोरडं करता करता वसुंधराने हाक मारली, "आई, तेल आणा! लवकर!"

"आता? सकाळी तर डोक्याला हात लावलास."

"सकाळी न्हायच्या आधी लावलंत. आता नंतर लावा. पाहिजे तेवढं."

पुतळाबाईंनी वाटीभर तेल ओतलं आणि दोन्ही हातांनी चोळायला लागल्या. कढई दगडांवर होती, आणि अल्पेश खाली वाकून निखारे ओढून काढत होता. तो एकदम थांबला. त्याच्या मनगटावर तेलाचा थेंब पडला होता. मग दुसरा.

"काकी," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "भोक आहे."

वसुंधराने वाकून बघितलं. बुडाच्या मधोमध, मुगाच्या दाण्याएवढं. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "खाल्लंच शेवटी अ‍ॅसिडने."

तिला बाजूला काढून ठेवलेल्या काठीला टांगलेली पट्टी दिसली. तिने दोरा तोडला, पट्टी धुऊन कोरडी केली, कागदात गुंडाळली आणि अल्पेशच्या हातात दिली. "चंदनसारला जा. चंद्रहासशेठकडे हिचं आधीचं वजन टाचणीला लावलेलं आहे. तूच तोलून घे. माझ्यावर विश्वास ठेवू नको, काट्यावर ठेव."

अल्पेश मोटरसायकलवर गेला. तो येईपर्यंत वसुंधरा देवळात मारुतीपुढे बसून होती. तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "चूक असेल तर कबूल करायची बुद्धी दे."

पाऊण तासाने मोटरसायकल आली. अल्पेशने सगळ्यांसमोर चिठ्ठी उघडली. "शेठ म्हणाले, गुंजभरही गेलेलं नाही. म्हणाले, ज्या पाण्याने पट्टीला एवढं राखलं ते बूड कसं खाईल? भोक जुनं असणार, गंजाने बुजलेलं असणार." त्याने चिठ्ठी वसुंधराला दिली. "काकी, चुकलं माझं. मनात आलं होतं."

"सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते हे," मागून एक म्हातारा म्हणाला.

"पण जुनं म्हणजे कधीचं?" अल्पेशला राहवेना. "गेल्या वर्षीपर्यंत शिरा होत होता ना हिच्यात? गळला कसा नाही?"

पायरीवरून खोकल्याचा आवाज आला. पुतळाबाई हाताचं तेल पदराला पुसत होत्या.

"अठरा वर्सं झाली त्या भोकाला," त्या म्हणाल्या.

"काय?" वसुंधरा गर्रकन वळली.

"तुझे सासरे दर वर्सी पहाटे कनकेची गोळी दाबायचे तिथं. ते गेल्यावर मी दाबायचे. जाळ लागला की घट्ट बसते, दगडासारखी."

वसुंधराला हसावं की ओरडावं कळेना. "आई, मग एक शब्द सांगायचात! माझा जीव गेला होता इथे!"

"सांगून काय? हा अल्प्या त्याच दिवशी भंगारात घालनार होता. आनि ह्यांनी बजावलेलं, देवाच्या कढईला भोक हाय ते कोनाला कळू द्यायचं नाय." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यावर येईल हे ध्यानात नाय आलं गं पोरी."

अल्पेश पायरीवर बसलाच. "अठरा वर्षं आम्ही भोकाच्या कढईतला शिरा खातोय?"

"मग, गोड नव्हता?"

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा अल्पेशनेच त्याला परस्पर वाटेला लावलं. केनीशेठने कढईला तांब्याची रिव्हेट मारून द्यायची तयारी दाखवली. पण पुतळाबाई म्हणाल्या की जयंती झाल्यावर काय मारायचं ते मारा, यंदा कनीकच.

जयंतीच्या पहाटे कढई पुन्हा दगडांवर चढली. कणीक वसुंधराने भिजवली, गोळी करून अल्पेशच्या तळहातावर ठेवली. "कारभारी तू आहेस. दाब."

अल्पेश कढईत वाकला. पुतळाबाई काठी टेकत जवळ आल्या.

"बोटाने नाय रे, अंगठ्याने. अजून. आता चिमटीने कड पसर. हां."

"आजी, हे दर वर्षी मलाच करायला लागणार का?"

"बारशाचं जेवलास ना? मग."

खाली जाळ लागला. तुपाचा डबा ओतला गेला, रव्याचा खमंग वास अंगणभर पसरला. वसुंधरा गुडघे टेकून कढईखाली बघत होती. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. दगडांमध्ये एक थेंब नव्हता. मग तिने पदर खोचला, उलथनं उचललं आणि म्हणाली, "साखर आणा रे."